राक्षसिणीच्या नाकाचं माप

चहा आधी घेऊन टाका. गार होईल म्हणून नाही म्हणत. हे सगळं ऐकल्यावर तुम्ही माझ्या घरचा चहा घ्याल का, याचीच मला खात्री नाही. चुका सगळेच करतात. पण छापील फॉर्म भरून, बारा मुद्दे तपासून, खाली सही ठोकून रीतसर केलेली चूक तुमच्यापैकी कुणाच्या नावावर आहे का? माझ्या आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. इंजिनात बसणारे लोखंडी पार्ट माझ्या टेबलावर येतात. मी ते ड्रॉइंगशी ताडून बघतो. नाकासमोर ड्रॉइंग, हातात मिलिमीटरचाही अंश मोजणारा व्हर्नियर. जुळलं तर हिरवा टॅग. नाही जुळलं तर लाल मार्करने भली मोठी फुली आणि लाल डबा. फुली अशासाठी, की तो पार्ट चुकूनसुद्धा परत चांगल्यात मिसळू नये. बावीस वर्षं हेच चाललंय. घरी भाजी आणली तरी माझा हात खिशातल्या मार्करकडे जातो, असं सुनंदा म्हणते. बायका वाढवून सांगतात हो. एकदाच झालं होतं ते, आणि तो दोडका खरोखरच वाकडा होता.

आता अशा माणसाला छंद कसला असावा? पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काहीही चाललं असतं. मला लागला राक्षसांचा. म्हणजे राक्षसांच्या चित्रांचा.

लातूरकडे आमच्या गावच्या वाचनालयात मुलांच्या एका मासिकाचे जुने दिवाळी अंक होते. त्यातली उडत्या घोड्यांची, जादूगारांची आणि राक्षसांची चित्रं नाना उंब्रजकर नावाचे चित्रकार काढायचे. त्यांचा राक्षस बघून भीती वाटायची आणि त्याला जेवायला बोलवावं असंही वाटायचं. नोकरीसाठी इकडे आलो, तेव्हा पुण्यातला एक जुना छापखाना बंद होत होता. तिथल्या रद्दीत मला नानांचा पेन्सिलीने काढलेला एक कागद सापडला. छापायचं पक्कं चित्र करण्याआधी चित्रकार असं कच्चं काढून बघतो. त्यात अर्धा राक्षस होता, तोही पुसलेला. मी तो कागद बसमधून इथे चिखलीपर्यंत मांडीवर धरून आणला. तेव्हापासून कच्च्या चित्रांचं वेड लागलं. आज माझ्याकडे नानांची सात कच्ची चित्रं आहेत. त्यांची पक्की कुठल्या अंकात आली, ते मात्र मला कधी सापडलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझी गोम इथेच आहे.

असे वेडे महाराष्ट्रात अजून पंधरा-वीस आहेत आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मध्यंतरी ग्रुपमधल्या एकाला कुणीतरी झेरॉक्स काढून, वर चहाचं पाणी मारून, जुनं कच्चं चित्र म्हणून गळ्यात मारलं. सगळे हळहळले. मी लिहिलं, ‘मित्रहो, भावनेवर जाऊ नका. मापावर जा.’ आणि कंपनीच्या फॉर्मवरून एक फॉर्मच बनवला. बारा मुद्द्यांचा चित्र तपासणी अहवाल. ग्रुपवर टाळ्यांचे आणि अंगठ्यांचे ढीग पडले. लोक मला ‘साहेब’ म्हणायला लागले. आता कंपनीत ज्याला ‘ए क्वालिटी’ म्हणून हाक मारतात, त्याला कुणी साहेब म्हटलं की त्याचं डोकं कुठे जातं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर आमच्याच कंपनीत डिस्पॅचला सोपान आहे. कुरुळीचा मूळचा शेतकरी. आता शेतात खोल्या बांधल्यात, कंपन्यांमधली पोरं भाड्याने राहतात. एक दिवस कँटीनला तो माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि चक्क साहेब म्हणाला.

“साहेब, ते राक्षस काढणारे नाना कोण म्हणता तुम्ही?”

“उंब्रजकर.”

“तेच. आमची आई म्हणते, ते आमच्या रानात यायचे. तिला समोर उभं करून चित्र काढलंय म्हणते.”

“कसलं चित्र?”

सोपानने आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. “राक्षसिणीचं.”

माझा घास तोंडातच राहिला. नानांनी एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर राक्षसीण काढलेली आहे. डोंगर ओलांडत निघालेली, हातात गदा, आणि तोंड भरून हसते आहे. तो अंक माझ्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला आहे. त्या राक्षसिणीचं कच्चं चित्र कुणाकडे आहे, हा प्रश्न ग्रुपवर कितीतरी वेळा येऊन गेला होता.

“पन्नास वर्षं झाली राव,” सोपान सांगत होता, “लग्न असो, बारसं असो, पाहुणा दिसला की आईची ही स्टोरी सुरू. आम्ही भाऊ हसतो, सुना पदराआड हसतात. आता पुढच्या महिन्यात नव्या घराची वास्तुशांत आहे. आई म्हणते, चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावा. आमचा थोरला दत्तू म्हणतो, खरं असेल तर लावू, नाहीतर सगळ्या भावकीत हसं होईल. आणि ट्रंकेत कागद निघालेत दोन. तुम्ही एकदा येऊन सांगा, खरं की खोटं. आईचा शब्द आहे साहेब, दुसरं काही नाही.”

‘आईचा शब्द आहे.’ हे वाक्य मी ऐकलं, पण माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

रविवारी सकाळी मी कुरुळीला पोचलो. हातात बॅग, बॅगेत व्हर्नियर, भिंग, फॉर्म, टॅग आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो दिवाळी अंक. नवीन चार मजली घराला अजून रंगाचा वास येत होता. खालच्या हॉलमध्ये सगळं घर जमलं होतं. मधोमध खुर्चीवर सोपानची आई बसली होती. तिला सगळे आक्का म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास, उंच बाई, नऊवारी लुगडं, आवाज रानात हाक मारल्यासारखा.

“तूच का त्यो मोजनारा?” त्यांनी विचारलं.

“हो आक्का.”

“आदी ऐकून घे, मंग मोज.” आणि त्यांनी सुरू केलं. “नवं लगीन झालंतं माजं. रानात गवत कापत हुते. ह्यो मानूस येस्टीतनं उतरून आमच्या बांधावर बसायचा आन् वहीत बैलं काढायचा. यक दिस बैलानं मान हालवली, ह्यो दचकला, आन् वहीसकट पाटात. म्या हातात इळा घिऊन आशी हसले, आशी हसले, का सासू म्हनली, दात मोजा हिचं. त्यो पाटातनं वर आला, भिजल्याला, चिखलानं भरल्याला. मला म्हनला, बाई, हालू नगा, आसंच हसा. मला कुटं हसू थांबवता येत हुतं? काडलं त्येनं. दिवाळी झाल्यावर अंक घिऊन आला, संगं ह्यो कागद. म्हनला, अंक समद्यांचा, ह्यो तुमचा.”

“आणि अंक कुठे गेला?” मी विचारलं.

“पोरांनी फाडला. कागद म्या ट्रंकेत ठिवला म्हून ऱ्हायला.”

दत्तू भिंतीला टेकून उभा होता. “आई, सांगायचंच होतं तर परी झाले होते म्हणून तरी सांगायचं.”

“परी म्हून सांगाया मला कुनाची भीती हुती का रं? राक्षशीन केली त्येनं, म्हून राक्षशीन सांगती.”

आता बघा, शहाण्या माणसाने इथेच फॉर्म मिटून ठेवला असता. खोटं बोलणारी बाई स्वतःला राक्षसीण कशाला म्हणवून घेईल? पण मी त्या दिवशी शहाणा नव्हतो, मी साहेब होतो.

टेबलावर दोन कागद ठेवले. पहिला एका पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. त्यावर राक्षसीण, स्वच्छ, रेघ न् रेघ ठसठशीत. दुसरा कागद चुरगळलेला होता, एका कोपऱ्यात मातकट डाग. आक्कांनी चुरगळलेल्यावर बोट ठेवलं. “ह्यो माजा. त्यो दुसरा कुटनं आला, मला ठावं न्हाई.”

“आक्का, आठवणीवर नाही जायचं,” मी म्हणालो. “मापावर जायचं.”

आणि मी शेजारी तो दिवाळी अंक उघडला. मुखपृष्ठ म्हणजे आपलं ड्रॉइंग. आता दोन्ही पार्ट त्याच्याशी ताडायचे. बावीस वर्षांचा हात होता हो, त्याला कोण थांबवणार?

पहिला कागद. नाकाची लांबी अंकावर एक्केचाळीस मिलिमीटर, कागदावर एक्केचाळीस. गदा जुळली. दात अंकावर चौदा, कागदावर चौदा. पायाच्या अंगठ्याचं नखसुद्धा जुळलं. कुठे खाडाखोड नाही, पुसापुशी नाही. मी मनात म्हणालो, काय हात आहे नानांचा. बाराच्या बारा मुद्दे ओके.

मग आक्कांचा कागद घेतला. अहो, एक मुद्दा जुळेल तर शपथ. अंकावर राक्षसिणीचं तोंड डावीकडे, इथे उजवीकडे. नॉट ओके. दात एकोणीस. नॉट ओके. हातात गदा पाहिजे, इथे विळा, आणि विळ्यावर काहीतरी गोल गिरगटलेलं. नॉट ओके. हात सहा काढून चार पुसलेले. डावा पाय नाहीच. बाजूला विनाकारण बैलाचं शिंग. कडेला बारीक अक्षरात दोन ओळी लिहिलेल्या होत्या, त्या मी भिंगातून वाचल्या आणि फॉर्मवर टिपलं, ‘मुद्दा नऊ, अनावश्यक लेखन, नॉट ओके.’ कोपऱ्यातल्या डागासमोर लिहिलं, ‘पृष्ठभाग अस्वच्छ.’

सगळं घर माझ्या पेनाकडे बघत होतं. एवढं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, कस्टमरच्या ऑडिटलासुद्धा नाही. मी पुठ्ठ्यावरच्या कागदाला हिरवा टॅग लावला. “हे मूळ चित्र.”

“आणि हे?” सोपानने विचारलं.

आता हे कसं झालं ते मला खरंच सांगता येणार नाही. तोंडाने मी “हे बनावट” म्हणालो, आणि त्याच वेळी उजवा हात खिशात गेला, मार्करचं टोपण निघालं, आणि आक्कांच्या कागदावर, राक्षसिणीच्या बरोबर पोटावर, मी लाल फुली मारली. रोज दोनशे वेळा मारतो तशीच. रिजेक्ट.

 सोपानच्या बायकोच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिथेच थांबला.

“झालं तुजं?” आक्कांनी विचारलं.

“हो.”

“मंग खोटं म्हनायचं.” त्यांनी कागद उचलला आणि पदराने पुसला. मार्कर ओला होता. फुली गेली नाही, पदराला तेवढा लाल रंग लागला. कागद घेऊन त्या आत निघून गेल्या.

“मी म्हणत नव्हतो?” दत्तू हसला. सुना हसल्या. सोपान तेवढा हसला नाही. आणि मी काय केलं? पोहे खाल्ले. वर दोन कप चहा घेतला. आज तो चहा आठवला की घशाशी येतो.

घरी आल्यावर सुनंदाला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती.

“आणि त्या बाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. आत गेल्या.”

“भांडल्या नाहीत?”

“नाही.”

“मग तुमचं काहीतरी चुकलंय,” ती म्हणाली. “जी बाई पन्नास वर्षं एकच गोष्ट सांगत आली, ती खोटी असती तर भांडली असती. गप्प बसली म्हणजे तिला लागलंय.”

“सुनंदा, भावना रिपोर्टमध्ये धरत नाहीत.”

“मग तुम्हाला जेवण रिपोर्टमध्येच वाढते,” असं म्हणून ती उठून गेली. मी ग्रुपवर मूळ चित्राचा फोटो टाकण्यात गुंग होतो. सुट्टीचा दिवस, सगळे मोकळेच होते. पंधरा जणांनी ‘साहेब, ग्रेट’ लिहिलं. एकाने लिहिलं, ‘रेषा फारच सफाईदार वाटते.’ मी ती तारीफ समजलो.

पुढच्या महिन्यात वास्तुशांत झाली. आम्हा दोघांना आग्रहाचं आमंत्रण होतं. दारात मांडव, आत सत्यनारायणाची पूजा, गुरुजींच्या पुढ्यात माईक आणि गच्चीवर भोंगा. हॉलमध्ये शिरलो तर समोरच्या भिंतीवर, काय सांगू, सोनेरी फ्रेममध्ये ती राक्षसीण. शेजारी तशाच दुसऱ्या फ्रेममध्ये माझा अहवाल. बारा मुद्दे, बारा ओके, खाली माझी सही. भावकी त्याच्यापुढे उभी राहून सेल्फी काढत होती. माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण मला टोचायला लागलं. कुणी विचारण्याआधीच मी बोलायला लागलो. नाकाची लांबी सांगितली. दात मोजून दाखवले.

तेवढ्यात आक्कांची मुलगी मंदा आली. ती तळेगाव दाभाड्याला दिली आहे, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर एका कंटेनरच्या मागे दोन तास अडकून कावलेली होती. चप्पल काढता काढता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“अगंबाई,” ती म्हणाली. “हे अजून आहे?”

“ताई, हे नाना उंब्रजकरांचं मूळ कच्चं चित्र आहे,” मी पुढे होऊन सांगितलं.

“छे हो. हे माझं आहे.”

“तुमच्या घरातलंच आहे, तेच म्हणतोय मी.”

“घरातलं नाही, माझं. मी काढलंय. सातवीत असताना.”

लोक जमायला लागले. मी हसलो. जरा समजुतीने हसलो, साहेबलोक हसतात तसं. “ताई, गैरसमज होतोय तुमचा. मी स्वतः मोजलंय. अंकातल्या चित्राशी अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा फरक नाही.”

“फरक कसा असेल? खिडकीच्या काचेवर अंक धरला, वर कागद ठेवला आणि गिरवलं. शाळेत चित्रकलेला द्यायचं होतं.” ती फ्रेमच्या जवळ गेली. “आमच्या बाईंनी बघता क्षणी सांगितलं, मंदे, गिरवलंयस. दहापैकी चार दिले. ते चारसुद्धा पुठ्ठ्यावर नीट चिकटवल्याचे.”

जे सातवीच्या बाईंना बघता क्षणी कळलं, ते मला व्हर्नियर लावून कळलं नव्हतं. मी फ्रेमकडे बघत राहिलो आणि डोक्यात एकेक दिवा लागत गेला. कच्चं चित्र पक्क्याच्या आधी काढतात. पुढे काय होणार ते त्याला माहीत नसतं, ते चाचपडत असतं. नानांनी आधी विळा काढला, मग त्याची गदा करून बघितली. सहा हात काढले, चार पुसले. तोंड इकडचं तिकडे केलं. म्हणूनच ते पक्क्याशी जुळत नाही. माझ्याकडच्या सातांची पक्की कधी सापडली असती, तर हे मला आधीच कळलं असतं. जे तंतोतंत जुळतं, ते नंतरच केलेलं असणार. कंपनीत जुळला तो पार्ट चांगला. पण मी राक्षसीण पार्टसारखी तपासली होती, आणि खरी नेऊन लाल डब्यात टाकली होती.

“सोपान,” मी म्हणालो, “आक्कांचा कागद कुठे आहे?”

सोपानचा चेहरा उतरला होता. “माहीत नाही साहेब. त्या दिवसापासून आईने चित्राचं नावसुद्धा काढलं नाही. परवा आत्याने मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, माजीच कायतरी गफलत झाली आसंल.”

 पन्नास वर्षं घरादाराने हसून जी बाई हलली नाही, तिला मी एका सकाळी स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लावला होता. मला माझी लाज वाटली. सुनंदा शेजारी उभी होती. तिने माझ्या हातातली प्रसादाची वाटी काढून घेतली.

आक्का मागच्या अंगणात होत्या. स्वतःच्या घराची वास्तुशांत, आणि बाई आचाऱ्यांपाशी बसून वांगी चिरून देत होती.

“आक्का, तुमचं चित्र खरं आहे.”

त्यांनी वर बघितलं नाही. “तू तर फुली मारलीस.”

“चुकलं माझं.”

“मोजून चुकलं का न मोजता?”

“मोजून.”

“मंग हितं वांग्यात यिऊन काय सांगतूस?” त्यांनी विळीवरून हात काढला. “जितं खोटं म्हनलास, तितं जाऊन खरं म्हन. समद्यांना ऐकू जायाला पायजे.”

ऐकू कसं जाणार, अशी सबब मी काढणार होतो. पण सुनंदाने तोवर गुरुजींचा माईक मागून आणला होता. बायको म्हणून तिने आजवर माझी बरीच कामं केली, इतक्या चपळाईने कुठलंच नाही.

मी हॉलमध्ये त्या फ्रेमांपुढे जाऊन माईक धरला आणि बोललो. “मी प्रकाश, चाकणला क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात या घरात मी एक चित्र खरं ठरवलं, ते खोटं आहे. आणि आक्कांचं चित्र खोटं ठरवलं, ते खरं आहे. आक्का पन्नास वर्षं खरं बोलत होत्या. चूक माझी.” गच्चीवरच्या भोंग्याने ते जसंच्या तसं पुणे-नाशिक हायवेपर्यंत पोचवलं. मागच्या खोल्यांमध्ये आमच्याच कंपनीची सेकंड शिफ्टची पोरं राहतात, हे मला नंतर कळलं. सोमवारी गेटवर वॉचमनने मला विचारलं, साहेब, आज खरं कुठलं आणि खोटं कुठलं?

आक्का आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लग्नातलं लुगडं होतं, आणि लुगड्याच्या घडीत तो कागद. “खोटा म्हनलास म्हून टाकीन व्हय म्या?” त्या म्हणाल्या.

मी कागद हातात घेतला आणि माझाच अहवाल परत मोठ्याने सांगायला लागलो, या वेळी उलटा. विळा आहे, कारण आक्का गवत कापत होत्या. बैलाचं शिंग आहे, कारण नाना बैलं काढत होते. डाग आहे, कारण वही पाटात पडली होती. दत्तू मान खाली घालून ऐकत होता.

“आन् ही कडंला काय लिवलंय?” आक्कांनी विचारलं. “मला शाळा न्हाई. कुनाला इचारावं, तर सगळी हसायची.”

मुद्दा नऊ. अनावश्यक लेखन. मी भिंग काढलं आणि मोठ्याने वाचलं. “तोंड फिरवणे. हसू हेच ठेवणे.”

“हसू ह्येच ठिवनं,” आक्का हळूच म्हणाल्या, आणि मग हसायला लागल्या. पुढचे दोन-चार दात राहिले नव्हते, पण तोंड भरून, मान मागे टाकून, अख्खा मांडव दणाणेल असं त्या हसल्या. सगळ्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि एकदा फ्रेमकडे. मग कुणी मला काही विचारलं नाही. दत्तूने खुर्चीवर चढून दोन्ही फ्रेमा स्वतः खाली उतरवल्या. मंदाने आपली राक्षसीण काखोटीला मारली.

मी आक्कांच्या पाया पडलो. म्हणालो, “आक्का, पुण्यात एक जण आहेत, जुने कागद साफ करतात. ही फुली मी काढून आणून देतो.”

“नगं. ऱ्हाऊ दे. चूक झाली तर दिसाया पायजे,” त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, “पर खाली तुजं नाव घाल. न्हाईतर लोक म्हनतील, फुली बी त्येनंच मारली. त्यो मानूस आसला न्हवता.”

मी लाल मार्करने फुलीखाली सही केली. नाना उंब्रजकरांच्या चित्रावर त्यांची सही नाही, माझी आहे. आता तेच चित्र हॉलमध्ये लावलंय, सोनेरी फ्रेममध्ये, राक्षसिणीच्या पोटावरच्या फुलीसकट. आक्कांची गोष्ट पुन्हा सुरू झाली आहे, आणि आता कुणी पदराआड हसत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जळगावकडची चार पोरं नवीन भाडेकरू म्हणून आली. आक्कांनी त्यांना रिवाजाप्रमाणे चित्रापुढे उभं करून सगळी हकिकत सांगितली. ऐकून झाल्यावर एक पोरगा म्हणाला, “आजी, राक्षसीण तुम्ही, हे समजलं. पण मग यातला राक्षस कुठंय?”

सोपान सांगत होता, आक्कांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं.